दोन बाटल्यांचा आजार

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस आधी सलाइनच्या बाटल्या विचारतो. काय झालं, कुठं दुखतं, हे मागाहून. किती चढवल्या, हा पहिला सवाल. पाच-सहा चढल्या म्हणजे माणूस जरा बरा नव्हता. पंधरा चढल्या म्हणजे खरोखरचा आजार. त्याच्याही वर गेल्या तर पाहुणे आवाज खाली आणून बोलतात आणि निघताना नारळाबरोबर बिस्किटांचा मोठा पुडा ठेवतात. या हिशेबानं माझ्या नवऱ्याचा आजार अगदीच हलका निघाला. त्यांना दोन बाटल्या लागल्या. एक लावली, आठवड्यानं दुसरी लावली, संपलं. आमच्या वाट्याला लहान पुडा आला.

त्यांचा पाय राहायचा की जायचा, हे त्या दोन बाटल्यांवर ठरणार होतं. पण बाटलीकडे बघून ते कुणाला कळावं?

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या अंगाला. माझं माहेर शहापूरकडचं. माहेरच्या अंगणात आगगाडीचा भोंगा ऐकू यायचा आणि तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला शहरातली समजत होते. गाडीत तोवर एकदाच बसले होते, तेव्हाही ओकले होते. हे मला बघायला आले तेव्हा घरच्यांनी बजावलं होतं, मान खाली घालून बस, वर बघितलंस तर याद राख. मी आज्ञाधारक. त्यामुळं बघण्याच्या कार्यक्रमात मला फक्त पाय दिसले. चार पाहुण्यांचे आठ पाय. त्यातल्या एका जोडीवर माझी नजर बसली ती हलेना. पोटऱ्या घट्ट, टाचा फुटलेल्या, अंगठे असे फाकलेले की चिखलात रुतायलाच घडवलेत. मी मनात ठरवून टाकलं, हे पाय ज्याचे तोच नवरा असू दे. नशिबानं ते नवऱ्याचेच निघाले. त्याच्या चुलत्याचे निघाले असते तर माझं काय झालं असतं, हा विचार त्या वयात मला शिवलासुद्धा नाही. तोंड मी लग्नात पाहिलं. पायांच्या मानानं ते साधारणच होतं.

सासरी पहिल्याच पावसाळ्यात मला सावड कळली. भाताच्या लावणीला आमच्याकडे आवणी म्हणतात. आवणीचे दिवस थोडे आणि काम सगळ्यांचं एकाच वेळी, म्हणून आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुझ्या. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही. माणसाला माणूस, बाईला बाई, बैलजोडीला बैलजोडी. घेतलेला दिवस दिवसानंच फेडायचा. ही सावड. पैसे पुढं केले तर समोरचा हात मागं घेतो आणि वर्षभर ते विसरत नाही.

मला वाटलं, किती मायाळू लोक आहेत. तिसऱ्या दिवशी कंबरेनं जाब विचारला तेव्हा माया उतरली. शाळेत ऐकलं होतं, काखेत कांदा धरला की अंगात ताप चढतो. मी चांगला टपोरा कांदा निवडला, अंगावर गोधडी ओढली आणि कण्हत पडले. सासूबाई आल्या, त्यांच्यामागं शेजारच्या दोघी. कपाळाला हात लावून बघितला. गार. उठून बस म्हणाल्या. मी उठले, आणि कांदा गडगडत उंबऱ्यापाशी गेला. कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. सासूबाईंनी कांदा उचलला, चिरला, भाकरीवर ठेवून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "खा नि चल गो." पुढं कित्येक वर्षं आवणीच्या दिवसांत कुणाला कणकण आली की बाया माझ्याकडे बघून विचारायच्या, घरातले कांदे संपले का.

म्हणजे मला तेव्हापासून ठाऊक होतं. इथं आजार दिसावा लागतो. ताप हाताला लागला पाहिजे, हाड बाहेर आलं पाहिजे, नाहीतर अंगाला एखादी नळी तरी टोचलेली पाहिजे.

यांचं हाड बाहेर आलं ते म्हातारपणी. थंडी पडली की आम्ही ऐनाच्या झाडांच्या फांद्या उतरवतो. त्या वाळवून पाचोळ्याबरोबर रोपाच्या तुकड्यावर जाळायच्या, त्याला राब म्हणतात. भाजलेल्या जमिनीतून रोप जोमानं उठतं. म्हाताऱ्या माणसानं झाडावर चढायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता आणि म्हातारा सोडून सगळे तो पाळत होते. फांदी तुटली, हे खाली आले. डाव्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर. तेव्हा सगळा गाव जमला. कुणी काही विचारलं नाही, दिसतच होतं.

दवाखान्यात हाडात स्टीलची पट्टी आणि स्क्रू घातले. हाड धरलं. हे काठी टेकत अंगणात फिरायला लागले, मला चहा करायला सांगण्याऐवजी चहा चांगला झाला नाही हे सांगायला लागले, तेव्हा मी म्हटलं, सुटलो. पण जखमेचं एक बारीक तोंड मिटेना. आधी नुसतं पाणी यायचं, मग पिवळं. हे त्यावर हळद दाबायचे आणि वर धोतराची चिंधी. होळी होऊन गेली, ऊन तापलं आणि एक दिवस त्यांच्या शेजारी ताट ठेवताना मला वास आला. मेलेल्या घुशीचा येतो तसा. मी ताट ठेवलं. हे जेवले. त्या दिवशी दुपारी मी मुलाला फोन लावला.

मुलगा शहापूरला एका कंपनीत कामाला. तिथंच दोन खोल्यांत तो, सूनबाई आणि नात. त्यानं आम्हाला किन्हवलीमार्गे जीपनं नेलं आणि शहापुरातल्या हाडांच्या डॉक्टरांपुढं बसवलं. डॉक्टर मुलापेक्षाही लहान. त्यांनी फोटो काढला, जखमेत सळई घातली. सळई हाडाला जाऊन टेकली तशी त्यांनी मान हलवली. म्हणाले, पू हाडातूनच येतोय. पट्टीवर जंतूंनी घर केलंय. पट्टी काढायची, सडलेलं हाड खरवडून टाकायचं, आणि मग शिरेतून औषध. रोज. दीड महिना तरी.

रोज, म्हटल्यावर हे म्हणाले, आवणी तोंडावर असताना दीड महिना मुलाच्या खोलीत काढणार नाही. सिद्धगडाच्या पायथ्याहून रोज शहापूर, तेही पावसात. डॉक्टरांनी दुसरी वाट सांगितली, दंडाच्या शिरेत एक लांब नळी बसवून देतो, घरीच तीतून औषध सोडायचं. मग विचारलं, घर कसं आहे. मी सांगितलं, जमीन शेणानं सारवलेली, शेळ्या ओटीवर, पाणी विहिरीचं. त्यांनी नळीचा विषय तिथंच सोडला. नळीतूनच नवे जंतू आत शिरतील, म्हणाले.

शेवटी ते एका नव्या औषधावर आले. ते आधी हाडाचा तुकडा तपासायला पाठवणार होते. नेहमीच्या जातीचा जंतू निघाला तर एक औषध आहे, शिरेतूनच द्यायचं, पण एकदा दिलं की अंगात ठाण मांडून बसतं. आठवड्यानं एकदा परत द्यायचं, मग पुढं दीड महिना बघायलाच नको, आतल्या आत काम चालू. मी म्हटलं, म्हणजे जावई. एकदा आला की महिनाभर हलत नाही. डॉक्टर हसले. हे नाही हसले. त्यांनी एवढंच विचारलं, पाय राहील का. डॉक्टर म्हणाले, त्याचसाठी चाललंय सगळं.

पट्टी काढली, हाड खरवडून झालं, आणि जंतू हवा तोच निघाला. जंतू ओळखीचा निघाला म्हणून आम्ही आनंदलो, असाही दिवस आला. मुलगा ठाण्याहून औषध घेऊन आला. एवढीशी कुपी. ती बाटलीत मिसळली, बाटली टांगली, आणि माझा एक कप चहा होईपर्यंत खाली उतरवलीसुद्धा. हे हाताकडे बघत राहिले. परिचारिकेनं सुई काढून बोळा दाबला.

"झाला?" यांनी विचारलं.

"झालं, बाबा."

"एवढाच?"

दुसऱ्या बाटलीनंतर डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. ऐकायचं काम माझ्याकडे होतं, कारण हे ऐकल्यासारखं करतात. औषध जंतूंना बघून घेईल, पण खरवडून खरवडून हाड पोकळ झालंय. फोटोत दाखवलं. आमच्या कुडाच्या भिंतीत कारवीच्या काठ्या असतात, वाळवी लागली की वरून धड आणि आत पीठ, तसं दिसत होतं ते. भरून यायला महिने लागतील. तोवर या पायावर भार द्यायचा नाही, वॉकर सोडायचा नाही, जखम भिजवायची नाही. आणि माती लागू द्यायची नाही. हे औषध एका जातीच्या जंतूंवर चालतं, मातीतले वेगळे असतात, असं ते म्हणाले. मी मान डोलावली. त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला नंतर कळला.

पावसाचे पहिले दिवस आम्ही शहापूरला मुलाकडे काढले. जखम सुकत आली. वास गेला. तोंड मिटलं. सूनबाई रोज गरम पाण्यात फडकं बुडवून त्यांचं अंग पुसून काढायची आणि हे लहान मुलासारखे हात वर करायचे. तिथंच आमच्या शेजाऱ्याचा फोन आला. शेजारी म्हणजे बांधाला बांध लागलेला, यांच्यापेक्षा बराच लहान, यांना दादा म्हणणारा. म्हणाला, दादा, काळजी करू नका, तुमची आवणी आमी उरकली. सगळ्या सावडीनं आधी आमचंच शेत घेतलं होतं, घरात माणूस नाही म्हणून. आमचे बैलही त्याच्याच गोठ्यात होते.

मी फोनवर त्याला आशीर्वाद दिले. यांनी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. संध्याकाळी म्हणाले, घरी जायचं.

घरी आलो आणि भेटीला माणसं सुरू झाली. दारात वहाणा काढल्या की नजर आधी हातावर. हात मोकळा. पायावर पांढरी पट्टी, तीही स्वच्छ, रक्त नाही, काही नाही. मग विचारणा.

"किती चढवल्या?"

"दोन."

"दोनच?"

मी समजावायची. हे औषध वेगळं असतं, अंगातच राहतं, आता या घडीलाही आत आहे. ऐकणारी बाई त्यांच्याकडे निरखून बघायची, जणू ते कुठून तरी डोकावेल. एक म्हातारी, माझ्या कांद्याच्या काळातली, म्हणाली, "माझ्या भावाला अठ्ठावीस चढवल्या, तरी गेला." मग यांच्याकडे बघून म्हणाली, "तू बराच हायेस." हे तिनं चांगल्या मनानंच सांगितलं. पण त्या चांगल्या मनाचं मी काय करू?

ती गेल्यावर मी म्हटलं, शहापूरहून एक रिकामी बाटली मागवते, आढ्याला टांगते, नळी तुमच्या बाहीत खोचते. कुणी आलं की कण्हायचं. लोक मोठा पुडा आणतील. यांना राग आला.

"कांदेवाली तू, मी नाय," म्हणाले.

आता वाटतं, खरोखरच टांगायला हवी होती. त्या बाटलीनं जे केलं असतं ते आतल्या औषधाला करता आलं नसतं. आतल्या औषधानं जंतू मारले, ते त्याचं काम होतं. गावाच्या नजरेला ते काय करणार?

आणि हे खरोखर बरे दिसत होते. तेच वाईट झालं. ताप नाही, ठणका नाही, भूक लागलेली. रोज सुई टोचली असती तर रोज एकदा तरी आठवण झाली असती की मी आजारी आहे. इथं काही आठवण करून देणारंच नव्हतं.

शेजाऱ्याची आवणी शेवटी ठरली. तो सांगायला आला तेव्हा ओटीवर टेकला, तंबाखू मळली, अर्धी यांना दिली. म्हणाला, दादा, तुमचे बैल नेतो, तेवढं बास, माणसाचं पुढच्या वर्षी बघू. हे म्हणाले, पुढचं वर्ष कुणी पाह्यलंय. मुलानं फोनवर सांगितलं, मी माणूस लावतो, त्याची मजुरी देतो. यांनी मला फोन परत दिला. सावडीत पैशाचा माणूस चालत नाही, हे त्याला सांगायलाही त्यांना लाज वाटली. आपल्या मुलाला हे माहीत नसावं, याची.

मी स्वतः गेले असते. पण मी बाई. बाईचा दिवस बाईनं फेडायचा आणि तो माझा मी फेडणारच होते. बैलांमागं चिखलणी करायचा दिवस होता तो पुरुषाचा.

त्या सकाळी मी मागच्या बाजूला शेळ्यांना पाला टाकत होते. परत आले तर वॉकर दाराशी भिंतीला टेकलेला. नीट, जसा हॉस्पिटलात ठेवतात तसा. पावसात डोक्यावर घ्यायची इरली खुंटीवरच होती. काठी नव्हती. आणि खताच्या गोणीच्या आतलं जाड प्लास्टिक, जे मी सरपण झाकायला धुऊन ठेवलं होतं, ते नव्हतं.

मी पदर खोचला आणि निघाले. पाऊस बारीक होता. शेजाऱ्याच्या खाचरापाशी पोचले तर हे बैलांच्या मागं. डाव्या पायाला मांडीपर्यंत ते प्लास्टिक गुंडाळलेलं, वरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेलं. पाणी लागू नये म्हणून. अक्कल केली होती माणसानं. शेजारी बांधावर उभा होता, हात जोडल्यासारखे करून. म्हणाला, वहिनी, मी नको म्हटलं, त्यांनी माझ्या हातातला नांगर घेतला. पलीकडच्या खाचरात बाया रोपांच्या मुठी बांधत होत्या. सगळ्या बघत होत्या आणि कुणी बघत नव्हतं.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर त्यांनी मुद्दाम आणखी एक फेरा मारला असता, एवढं मी त्यांना ओळखते. मी बांधावरून त्यांच्याबरोबरीनं चालत राहिले.

"बाहेर या."

"हे एवढं खाचर."

"डाक्टरनं काय सांगितलंय?"

"डाक्टरची आवणी झाली असंल."

"अवं, पाय जाईल."

ते थांबले नाहीत. बैलांकडे बघतच बोलले, "हाताला सुई नाय, नाकाला नळी नाय. जेवतो, झोपतो. कोनच्या तोंडानं घरात बसू, सांग."

मी त्या डाव्या पायावर नजर ठेवून चालत राहिले. 

अर्धं खाचर त्यांनी नीट केलं. कोपऱ्यावर बैल वळवताना उजवा पाय उचलला, सगळा भार डाव्यावर आला आणि डावा चिखलात घट्ट रुतलेला होता. अंग वळलं, पाय वळला नाही. आवाज झाला नाही. मला वाटलं होतं, हाड मोडताना आवाज होतो. हे फक्त हळूच बसले, चिखलात, पाटावर बसावं तसे. बैल दोन पावलं जाऊन उभे राहिले.

शेजाऱ्यानं आणि आणखी तिघांनी त्यांना घोंगडीत घालून जीपच्या रस्त्यापर्यंत नेलं. मी मागून काठी घेऊन. कशाला घेतली होती कोण जाणे. जीपमध्ये त्यांनी डोळे मिटले होते आणि मधेच उघडून एकदा विचारलं, राहिलेलं खाचर कोण करतंय.

शहापूरला डॉक्टरांनी कात्रीनं प्लास्टिक कापलं. आतून अर्धी बादली चिखल आला. वरून ट्यूब आवळली होती खरी, पण चालता चालता कधी ढिली झाली, आणि एकदा आत गेलेला चिखल प्लास्टिकनं बाहेर येऊ दिला नाही. मिटलेली जखम उघडली होती आणि हाडाचं टोक त्या गाऱ्यात होतं. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते हातमोजे बदलत राहिले.

त्यांनी धुतलं. दुसऱ्या दिवशी परत आत नेऊन धुतलं. मग ठाण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथंही धुतलं. पाय आधी लाल झाला, मग काळपट. आता रोज सुई होती, दिवसातून तीन वेळा, बाटल्यांवर बाटल्या. मी मोजायचं सोडून दिलं. मुलगा रजा टाकून बाकावर बसून असायचा. मी तिथल्या डॉक्टरणीला विचारलं, आधीचं औषध अजून अंगात आहे ना, दीड महिना राहतं म्हणाले होते. ती म्हणाली, आहे, आजी. आहे, पण हे मातीतले जंतू आहेत, यांच्यावर ते चालत नाही.

म्हणजे जावई घरातच होता. बसून होता.

कापायचं ठरलं तेव्हा सांगायला तीच डॉक्टरीण आली. मुलगा खिडकीकडे वळला. मी यांच्या उशाशी होते. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठपर्यंत?"

तिनं पेन काढून पायावर रेघ दाखवली. गुडघ्याच्या खाली, चार बोटं.

"गुडघा ठेवा," हे म्हणाले.

"प्रयत्न करू, बाबा."

"परयत्न नको. ठेवा."

गुडघा राहिला. त्यानंतर भेटीला जे आले त्यांनी काही विचारलं नाही. मोठे पुडे आले. घरात खायला कुणी नाही, नातीच्या शाळेत वाटले.

यंदाच्या उन्हाळ्यात यांनी एक खटाटोप केला. रोपं उपटताना आम्ही बसायला बुटका पाट घेतो. चिखलात टेकवायचा, त्यावर बसून दोन्ही हातांनी रोपं काढायची, मूठ बांधून मागं टाकायची. हे काम बायांचं, पण बसून करायचं. यांनी ओटीवर पाट टाकून गवताच्या मुठी बांधायचा सराव केला. नवा बसवलेला लाकडी पाय उतरवून ठेवायचे, उरलेला गुडघा पाटाच्या कडेला टेकवायचे. दोनदा कलंडले. मी हसले तर म्हणाले, कांदेवालीनं हसू नये. त्यांच्या मुठी माझ्यापेक्षा सारख्या येत होत्या. मी तसं बोलले नाही, डोक्यावर बसले असते.

सावड आमच्या शेतावर आली. शेजारी आला, बाकीचे आले, एका दिवसात काम आटपलं. हे बांधापर्यंत गेले होते, कुबडीवर. जेवताना यांनी शेजाऱ्याला विचारलं, तुमची कधी? तो ताटाकडे बघत म्हणाला, बघू दादा, पाऊस बघून सांगतो. यांनी पाट धुऊन, पुसून दाराशी ठेवला.

सांगायला कुणी आलं नाही. माझा दिवस होता म्हणून मला बायांकडून निरोप आला. मी यांना म्हटलं, तालुक्याला तुमचा अपंगाचा दाखला आणायला जाते, आणि वळसा घेऊन शेजाऱ्याच्या शेतावर गेले. त्याला बाजूला बोलावून विचारलं, दादांना का नाही सांगितलं. म्हटलं, बसून रोपं काढतील, सराव केलाय.

तो मातीचे हात मागं घेऊन उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, माझ्याच खाचरात त्यांचा पाय गेला. आता फिटलं सगळं. त्यांच्याकडून कुणी काय घेणार नाय. आमी मात्र दरसाल येऊ, तुमी काळजी करू नका."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.  मी माझी रांग धरली, दिवसभर रोपं लावली. संध्याकाळी विहिरीवर पाय धुऊन, साडी झटकून घरी आले.

हे ओटीवरच होते, पाट मांडीजवळ.

"दाखला मिळाला?"

"साहेब नव्हता."

"शेजाऱ्याची आवणी झाली वाटतं."

मी म्हटलं, झाली म्हणतात. यंदा त्यानं मशीन लावली. माणसं लागलीच नाहीत, म्हणून कुणालाच बोलावलं नाही.

यांनी अंगणाकडे कान दिला. पावसानं उघडीप दिली होती आणि पलीकडच्या बांधावरून बैल सोडून नेणाऱ्यांचा हो-हो आवाज अजून येत होता.

"मशीनीला हो-हो करून वळवतात व्हय गो?"

मी भाकऱ्या थापायला आत गेले. पाट बाहेरच राहिला, मी तो उचलला नाही.